लीन बांधकाम आणि लीन केलेला माणूस

बांधकामाच्या क्षेत्रात ‘लीन’ हा शब्द आता चांगलाच रूढ झाला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यावर व्याख्याने होतात, मोठ्या कंपन्या त्यासाठी सल्लागार नेमतात. या विषयाच्या जागतिक अभ्यासगटाची वार्षिक परिषद २०१८ साली चेन्नई येथे भरली होती. अशा चर्चांत एक प्रश्न हटकून निघतो : ही पद्धत आपल्याकडे रुजत का नाही? उत्तरेही ठरलेली असतात. प्रशिक्षण नाही, वरिष्ठांचे पाठबळ नाही, जुनी सवय सुटत नाही आणि मजूर अडाणी आहे.

यातील शेवटचे उत्तर फार सोयीचे आहे. या देशात जे काही अडते ते तळच्या माणसामुळे अडते, असे म्हणण्याची सवय जुनी आहे. म्हणून हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. साहित्य आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात बांधकामशास्त्राचे काय काम, असे कोणी विचारील. पण शेतीतून बाहेर फेकलेल्या आपल्या माणसांना ज्या मोजक्या धंद्यांनी सामावून घेतले, त्यांत बांधकाम हा एक मोठा धंदा आहे. ओळंबा, थापी आणि घमेले ही ज्यांची भाषा आहे, त्यांच्याविषयी काय बोलले जाते हे आपल्याला कळलेच पाहिजे.

पद्धत काय आहे?

प्रथम पद्धत समजून घेऊ. तिचे मूळ जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे भांडवल कमी, जागा कमी, मालाचा साठा करून ठेवण्याची ऐपत नाही, अशी स्थिती होती. अशा वेळी ताइची ओनो या अभियंत्याने कारखान्यातील वाया जाणाऱ्या गोष्टींची यादी केली. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, मालाची निष्कारण ने-आण, नको इतकी प्रक्रिया, साठा, माणसाची निष्कारण हालचाल आणि सदोष काम हे ते सात अपव्यय. ते कमी करीत जाणे हा या पद्धतीचा गाभा. ‘लीन’ हे इंग्रजी नाव तिला १९८८ च्या सुमारास अमेरिकेत मिळाले आणि १९९० नंतर ते जगभर पसरले.

त्यांच्या भाषेत लीन म्हणजे सडसडीत, अंगावर फाजील चरबी नसलेला. आपल्या भाषेत लीन म्हणजे नम्र, शरण, दुसऱ्यात विरघळून गेलेला. हा नुसता शब्दांचा योगायोग आहे. पण तो ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

सोमेश्वरनगरच्या परिसरात राहणाऱ्याला ही पद्धत समजायला जपानला जाण्याची गरज नाही. साखर कारखान्याचा तोडणी कार्यक्रम पाहिला तरी पुरे. कारखाना दिवसाला जेवढा ऊस गाळू शकतो, तेवढाच रोज तोडला गेला पाहिजे. जास्त तोडला तर ऊस गव्हाणीपाशी वाळतो, वजन घटते, साखर उतरते. कमी तोडला तर गाळप थांबते. म्हणजे पुढच्या टप्प्याला जेवढे हवे तेवढेच मागच्याने द्यायचे. ओनोंनी हाच नियम मोटारीच्या कारखान्यात प्रत्येक टप्प्याला लावला. मागून माल ढकलायचा नाही, पुढून ओढायचा.

बांधकामात हा विचार आणण्याचे श्रेय फिनलंडचे लाउरी कोस्केला यांना दिले जाते. १९९२ साली त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात एक अहवाल लिहिला. आजवर बांधकामाकडे केवळ विटांचे भिंतीत आणि सळईचे स्लॅबमध्ये रूपांतर म्हणून पाहिले गेले. पण काम हा एक प्रवाहही असतो आणि तो जागोजागी तुंबतो, असे त्यांनी मांडले. पुढे अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी प्रत्यक्ष कामांची नोंद ठेवून पाहिले. आठवड्याच्या आरंभी ‘होणार’ म्हणून ठरलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मीच आठवड्याच्या अखेरीस झालेली दिसली. हा अनुभव अमेरिकेतला, जिथे यंत्रे भरपूर आहेत आणि मजूर शिकलेला आहे. तेव्हा वेळ वाया जाण्याचे कारण मजुराचे अडाणीपण आहे, ही समजूत इथेच ढासळते.

बॅलार्ड यांनी यावर जो उपाय काढला, त्याला ‘अखेरचा नियोजक’ म्हणता येईल. काम ठरवणाऱ्यांच्या साखळीतला अखेरचा माणूस म्हणजे ज्याच्या हाताखाली ते प्रत्यक्ष व्हायचे तो. सेंट्रिंगचा मिस्त्री, सळई बांधणाऱ्यांचा प्रमुख, गवंड्यांचा म्होरक्या. त्याला दर आठवड्याला बैठकीत बसवायचे आणि विचारायचे, ‘हे काम पुढच्या आठवड्यात होईल का?’ त्याने सात गोष्टी पाहून उत्तर द्यायचे : आधीचे काम झाले आहे का, नकाशा हातात आहे का, माल आला आहे का, माणसे आहेत का, अवजारे आहेत का, जागा मोकळी आहे का, आणि पाऊस-वीज-परवानगी यांपैकी काही आडवे येणार आहे का? यांपैकी एक जरी नसेल तरी त्याने ‘नाही’ म्हणायचे. आठवड्याअखेर जे काम झाले नसेल, त्याचे कारण सर्वांसमोर लिहायचे. दोष माणसावर ठेवायचा नाही, कारण शोधायचे.

साधी वाटणारी ही पद्धत सारी एका गोष्टीवर उभी आहे. खालच्या माणसाला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. टोयोटाच्या कारखान्यातही कामगाराच्या हाताशी एक दोरी असते. चूक दिसली की ती ओढून साऱ्या ओळीचे काम थांबवण्याचा अधिकार त्याला आहे. ती दोरी आणि हा ‘नाही’ एकच आहेत. आता आपल्याकडे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे ते पाहू.

वाट पाहणे कोणाच्या खात्यावर?

बारामती-इंदापूर भागातली कामे दोन तऱ्हांनी चालतात : रोजंदारीने आणि उक्ती. उक्त्या कामात ठेकेदार ब्रासवर किंवा चौरस फुटावर भाव ठरवतो. भिंत उभी राहिली की तिचे पैसे. वाळू आली नाही म्हणून गवंडी आणि बिगारी दुपारपर्यंत बसून राहिले, तर त्या बसण्याचे पैसे नाहीत.

हिशेब करून पाहू. समजा, दहा माणसांची टोळी आहे, दिवस आठ तासांचा आहे आणि रोज दोन तास माल किंवा नकाशा नाही म्हणून जातात. दहा माणसांचे दोन तास म्हणजे वीस तास, म्हणजे रोज अडीच माणसांची पूर्ण मजुरी. सहा दिवसांच्या आठवड्यात हे पंधरा रोज होतात. हे नुकसान कोणाच्या वहीत चढते? मालकाच्या नाही, ठेकेदाराच्या नाही. ते टोळीच्या पोटातून जाते. याउलट तयार काँक्रीटची गाडी दारात उभी राहिली, तर धावपळ होते. काँक्रीट आळते आणि गाडीचे भाडे चढते. काँक्रीटने वाट पाहिली तर पैसे बुडतात. माणसाने वाट पाहिली तर कोणाचेच काही बुडत नाही.

लीन पद्धतीतील सात अपव्ययांपैकी ‘वाट पाहणे’ हा एक मोठा अपव्यय. पण जो अपव्यय फुकट पडतो, तो टाळण्यासाठी कोणी का धडपडेल? माझ्या मते आपल्याकडील पहिला आणि मुख्य अडथळा हा आहे. तो अज्ञानाचा नाही, हिशेबाचा आहे. मजूर अड्ड्यावर सकाळी उभे राहून जो वेळ जातो, तो तर कोणत्याच कामाच्या हिशेबात येत नाही. ऊसतोडणी कामगाराची गाडी वजनकाट्यापुढे रात्र काढते, तो वेळही असाच. गाळपाचा प्रवाह अखंड राहतो, कारण प्रवाहाबाहेर माणसे तुंबून राहतात. साठा नाहीसा झालेला नसतो. मालाच्या जागी माणसांचा साठा केलेला असतो.

ठेक्याच्या उतरंडीत बोलायचे कोणी?

दुसरा अडथळा ठेक्याच्या रचनेत आहे. सरकारी बांधकामात निविदेचे नमुने ठरलेले आहेत. बी-१ मध्ये अंदाजपत्रकाच्या वर-खाली टक्केवारी भरायची, बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर भरायचा. दोहोंतही देयक निघते ते मोजमाप पुस्तकातील परिमाणावर आणि काम मिळते ते सामान्यतः सर्वांत कमी दरवाल्याला. काम अडले का, कोणामुळे अडले, याला त्या पुस्तकात रकाना नाही. मग मुख्य ठेकेदार पोटठेकेदाराला देतो, तो मिस्त्रीला, मिस्त्री टोळीच्या मुकादमाला. प्रत्येक पायरीवर थोडा पैसा गळतो आणि सगळी जोखीम खाली उतरते.

तळच्या मुकादमाने टोळीला उचल दिलेली असते. उचल घेतलेल्या माणसाने ‘उद्या हे काम होणार नाही’ असे म्हणणे म्हणजे उद्याचे काम गमावणे. म्हणून तो ‘होईल साहेब’ म्हणतो. परांची पक्की नसली तरी म्हणतो, सळई अपुरी असली तरी म्हणतो. अभियंता ते वहीत लिहितो, वही वर जाते आणि आराखडा कागदावर सुरळीत चालतो. कोणी आपल्या माणसांना खोटारडे म्हणेल. पण ज्याच्या ‘नाही’ला किंमत नसते, त्याच्या ‘हो’ला तरी कोठून असणार? अखेरच्या नियोजकाची बैठक इथे भरवली, तर ती ‘हो’कारांची बैठक होईल. तिच्यातून काही शिकता येणार नाही.

जातीची भिंत कामात

तिसरा अडथळा आपल्या अधिक परिचयाचा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात दाखवून दिले की, जात केवळ कामे वाटून देत नाही. ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीवर बसवते. बांधकामाइतका याचा स्पष्ट दाखला क्वचित मिळेल. माती खणणारा मातीवडार, दगड वाहणारा गाडीवडार, दगड घडवणारा पाथरवट ही नावे कामाची आहेत आणि जातीचीही आहेत. आज सिमेंट आणि यंत्रे आली, नावे पुसट झाली. तरी घमेले कोणाच्या डोक्यावर, ओळंबा कोणाच्या हातात आणि नकाशा कोणाच्या मेजावर, हा क्रम फारसा बदललेला नाही.

प्रवाह म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात काम जाणे. दोन हातांमध्ये भिंत असेल तर प्रवाह कसा वाहील? मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास इथे आठवावा. विणकामाच्या खात्यात मजुरी अधिक होती. पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला तो विटाळ वाटे. मुंबईतल्या आधुनिक यंत्रांच्या कारखान्यात कोणते काम कोणी करावे हे एका धाग्याच्या विटाळाने ठरत होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

तो संप आपल्या विषयाशी आणखी एका अंगाने जोडलेला आहे. काही गिरण्यांनी तेव्हा ‘कार्यक्षमता’ वाढवण्याची योजना आणली होती. दोन मागांवरच्या विणकऱ्याने तीन माग सांभाळायचे, सूत कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू पाहायच्या. याचा सरळ अर्थ कामगारांना कळला : हात कमी होणार. संप सुमारे सहा महिने चालला आणि त्याच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली. कार्यक्षमता म्हणजे कपात हा धडा महाराष्ट्राच्या कामगाराला तेव्हाच मिळाला. आज बिगाऱ्यासमोर कोणी फलक लावून ‘अपव्यय टाळा’ म्हणतो, तेव्हा त्या अपव्ययात आपलीच गणना होणार, ही शंका त्याच्या मनात येते. ती शंका अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे.

बाई कायमची ‘बिगारी’

चौथी गोष्ट स्त्री-मजुराची. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. बांधकामावरही पुष्कळदा ‘जोडी’ लागते आणि हिशेब जोडीच्या पुरुषाशी होतो. बाई वीस वर्षे माल कालवते, विटा देते, गिलाव्याला कोणत्या प्रतीची वाळू चालेल हे हाताने ओळखते. पण ती गवंडी होत नाही. बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच थकते. माझ्या घरात पहिली पदवी माझी. त्या पदवीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर अशा घमेल्याचा भार आईने वाहिला आहे, म्हणून हे ऐकीव नाही. कामाचे ज्ञान कामगाराजवळ असते, ते ऐका, असे ही पद्धत म्हणते. मग ज्या हातांजवळ वीस वर्षांचे ज्ञान आहे, त्यांचे नाव हजेरीपटावर वेगळे लिहिण्याचीही आपली तयारी नसेल, तर ते ज्ञान ऐकणार कोण?

वस्तूला जागा, माणसाला नाही

जपानी पद्धतीत नीटनेटकेपणाला फार महत्त्व आहे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. आपल्या शहरांतल्या कामांवर विटांच्या थप्प्या, सिमेंटचे गुदाम, सळईचे रॅक नीट लावलेले दिसतात. मजुराची पत्र्याची खोली मात्र उरलेल्या जागेत, भिंतीच्या कडेला टाकलेली असते. पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ च्या पहाटे पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत अशाच खोल्यांवर कोसळली आणि १५ माणसे मेली. बिहारमधून आलेले मजूर आणि त्यांची मुले त्यांत होती. या माणसांची जागा कोणत्या आराखड्यात आखली होती? सिमेंट भिजू नये याची काळजी घेणारी व्यवस्था माणूस चिरडू नये याची काळजी घेत नसेल, तर तिला अपव्यय म्हणजे काय हेच कळलेले नाही.

मग ही पद्धत टाकून द्यायची का?

हिला भांडवलदारांची नवी युक्ती ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याला आधारही सापडेल. पत्रकार कामाता सातोशी यांनी १९७२ च्या सुमारास टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि १९७३ साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. ओळीच्या वाढत्या वेगाने माणूस कसा पिळून निघतो, हे त्यांनी आतून दाखवले. हंगामी कामगार हा शब्द आपल्या ऊसपट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. १९५० साली टोयोटावर मोठे संकट आले, कामगारांचा संप झाला, दीड हजारांहून अधिक माणसे गेली आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. त्यानंतर कायम कामगारांना नोकरीची शाश्वती देण्याची रीत पडली आणि त्या शाश्वतीवरच पुढची सुधारणा उभी राहिली. ज्याला उद्या काढले जाणार नाही, तोच आज चूक दाखवतो. आपल्याकडे दोरी आणायची आहे, फलक आणायचे आहेत, जपानी शब्द आणायचे आहेत. फक्त ती शाश्वती तेवढी आणायची नाही.

म्हणून पद्धत नाकारण्यापेक्षा ती तिच्याच शब्दांवर धरून मागावी, असे मला वाटते. कार्यकर्त्यांनी आणि अभियांत्रिकीच्या आपल्या विद्यार्थ्यांनी यासाठी पुढील आग्रह धरता येतील.

पहिला, थांबलेल्या वेळेची मजुरी. माल किंवा नकाशा नाही म्हणून टोळी थांबली, तर तो वेळ रोज नोंदला जावा आणि त्याचे पैसे, काम उक्ते असले तरी, मिळावेत. वाट पाहणे महाग झाले की वाळू वेळेवर येऊ लागेल.

दुसरा, आठवड्याच्या बैठकीत टोळीच्या प्रतिनिधीला खुर्ची आणि ‘नाही’ म्हटल्याबद्दल काम न जाण्याची लेखी हमी. बैठक मराठीत किंवा मजुरांच्या भाषेत व्हावी आणि फलकही त्याच भाषेत असावा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका मेजाशी बसण्याची त्रिपक्षीय प्रथा त्याच काळात रुजली. जे देशाच्या पातळीवर शक्य झाले, ते एका इमारतीच्या कामावर अशक्य का असावे?

तिसरा, नोंदणी. बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा १९९६ साली झाला. पुढे त्याच्या तरतुदी २०२० च्या संहितेत घेतल्या गेल्या. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ पासून आहे आणि त्यासाठी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर ठरलेला आहे. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. ठेकेदार बदलत राहणाऱ्या मजुराला तो दाखला मिळवणे हेच एक काम होऊन बसते. लीनसाठी रोजची नोंद ठेवलीच जाणार असेल, तर त्याच नोंदीतून प्रत्येकाच्या, आणि प्रत्येकीच्याही, दिवसांचा दाखला निघाला पाहिजे.

चौथा, हाताच्या कसबाला प्रमाणपत्र आणि वर चढण्याची वाट. बिगारी बाई गवंडी होऊ शकली तर एका माणसाला दुसऱ्याचे काम येईल आणि प्रवाह अडणार नाही. हे या पद्धतीच्याच हिताचे आहे.

यांतील एकही मागणी या पद्धतीच्या बाहेरची नाही. माणसाचा आदर हे तिचे एक तत्त्व म्हणून टोयोटाच्याच पुस्तिकांत सांगितले जाते. आपल्याकडे तिचे तंत्र स्वीकारले जाते, तत्त्व वगळले जाते. आपल्या समाजाला हे नवे नाही. आगगाडी आली, गिरणी आली, धरणे आणि कारखाने आले. यंत्र बदलले, उतरंड तशीच राहिली.

तेव्हा ‘मजूर तयार नाही म्हणून लीन पद्धत रुजत नाही’ हे विधान उलटे करून वाचले पाहिजे. मजूर शतकानुशतके लीनच आहे. त्याला तसे करून ठेवले आहे. आणि लीन माणसांच्या आधारावर लीन पद्धत उभी राहू शकत नाही, हीच तिची खरी अडचण आहे. तिला मान वर करून ‘नाही’ म्हणणारा माणूस लागतो. तो घडवणे हे चळवळीचे काम आहे. त्याच्यासाठी खुर्ची मोकळी करणे हे ठेकेदारांचे, अभियंत्यांचे आणि सरकारचे काम आहे. पहिले काम आपण पूर्वीच सुरू केले आहे. दुसऱ्याची वाट किती पाहायची आणि त्या वाट पाहण्याचा हिशेब कोणाकडे मागायचा, हे आता ठरवायचे आहे.